लिफ्ट केलेली थार आणि जिम्नी: नवे आर्म घ्यायचे की बुशवर भागेल?

दोन इंचांची लिफ्ट टाकून, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करून झाली, मोठे टायर चढले, गाडी दारात उभी छान दिसते. मग भरवीरला समृद्धी महामार्गावर चढावं, काटा शंभरच्या पुढे जावा आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं पडावं. वळणातून बाहेर आल्यावर चाक आपणहून सरळ येत नाही, हातानं आणावं लागतं. ओळखीत कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘अप्पर आर्म टाकून घे, सगळं सरळ होईल.’

माझ्या मेहुण्यालाही हेच उत्तर मिळालं. त्याची २०२२ची थार, पुढे स्पेसर (शॉकअपच्या डोक्यावर ठेवायची जाड चकती), मागे उंच स्प्रिंग. ‘दाजी, कोणते आर्म घेऊ?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मी आधी त्याला विचारलं की लिफ्ट नेमकी कशी घेतली आहेस. तो म्हणाला, दोन इंच. हे उत्तर नव्हे. किती इंच यापेक्षा ते इंच कशातून आले, यावर आर्म घ्यायचे की नाही हे ठरतं.

आधी आर्म करतो काय ते पाहू. २०२०मध्ये आलेल्या थारला (ती आपल्याच नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडते) पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक. चॅसीकडच्या टोकाला रबरी बुश (धक्का पिणारी नळी), चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा गोळ्याचा सांधा). स्प्रिंग आणि शॉकअप खालच्या आर्मवर उभे असतात, त्यामुळे गाडीचं वजन खालचा आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट पेलतात. वरचा आर्म चाकाचं डोकं जागेवर धरून ठेवतो, एवढंच. बाजारात झगमगाट सगळा वरच्या आर्मचा, पण कच्च्या रस्त्यावर खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. पैसे खर्च करायच्या आधी तो तपासा.

गाडी उंच झाली की चॅसी वर जाते, चाकं जमिनीवरच राहतात, म्हणजे दोन्ही आर्म चाकाकडे उतरते होतात. यात कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित मागे कललेला असतो, तसाच मोटारीच्या चाकाचा वळण्याचा अक्ष कललेला असतो. तो कल म्हणजे कॅस्टर. वळणानंतर चाक आपोआप सरळ येतं ते मुख्यतः त्याच्या जोरावर. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल, तोही थोडा बिघडतो, चाकाचं डोकं बाहेर झुकायला लागतं. कसारा घाटात चाळीसच्या वेगानं हे कळत नाही. समृद्धीवर, जिथे कारला १२०ची मुभा आहे, तिथे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

आता स्पेसर की स्प्रिंग, हा प्रश्न. शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर ठेवला की अख्खा शॉकअप खाली सरकतो. चाक हवेत लटकलं की आर्म कंपनीनं आखलेल्या हद्दीच्याही खाली जातो. मग वरचा बॉल जॉइंट आपल्या कपाच्या काठाला टेकतो आणि काही गाड्यांत आर्म थेट स्प्रिंगला घासतो. शिवाय शॉकअप आर्मच्या टोकावर नसून आत बसलेला असतो, म्हणून चाकापाशी मिळणारी उंची स्पेसरच्या जाडीपेक्षा जास्त असते. २५ मिमीचा स्पेसर टाकून ‘एकच इंच केलीय’ म्हणणाऱ्याची गाडी दीड-पावणेदोन इंच वर गेलेली असू शकते. मूळ लांबीपेक्षा लांब शॉकअप टाकले तरी चाक लटकताना हीच गत.

मूळ लांबीच्या शॉकअपवर उंच किंवा ताठ स्प्रिंग टाकली असेल तर मामला वेगळा. शॉकअप पूर्ण उघडल्यावरची लांबी तीच राहते, म्हणून आर्म मूळ हद्दीतच थांबतो आणि बॉल जॉइंटवर जास्तीचा ताण येत नाही. चाकाचा खाली जाण्याचा प्रवास मात्र कमी होतो, आणि गतिरोधकावरून उतरताना ‘ठक्’ असा आवाज येतो. अशा गाडीत बिघडलेली असते ती अलाइनमेंट. तिच्यासाठी नवे आर्म हा एक उपाय आहे, पहिला नव्हे.

घरच्या घरी बघायचं असेल तर पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, चॅसीखाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालू नका) आणि चाकं पूर्ण लटकू द्या. वरचा आर्म आणि स्प्रिंग यांच्यात बोट जातंय का? स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. बॉल जॉइंटचं रबर एका बाजूला चेपून फुगतंय का? ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली आहे का? ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाच्या (रबरी टोपीच्या) घड्या एकमेकींना घासतायत का? बोट जात नसेल किंवा जॉइंट टेकला असेल, तर आर्म घ्या, पुढचं वाचायचं ते कोणता घ्यायचा एवढ्यासाठी. सगळं मोकळं असेल तर आधी अलाइनमेंटवाल्याकडे जा.

आणि तिथे प्रिंटआउट मागा. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत ‘अलाइनमेंट’ म्हणजे फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाकांची आत-बाहेरची दिशा, सरळ करणं. कॅस्टर मोजायचा तर चाक डावीकडे आणि उजवीकडे ठराविक अंश फिरवून माप घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि लिफ्टची गाडी रॅम्पवर आली की पोरगा वैतागतो. तरी करून घ्या. कागदावर डाव्या-उजव्या कॅस्टरचे आकडे कंपनीच्या मर्यादेत आले तर आर्मचा विषय संपला, गाडी तरंगतेय ती टायरमुळे किंवा त्यातल्या हवेमुळे. खालच्या आर्मला एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा) असलेल्या गाड्यांत, फॉर्च्युनर त्यातलीच, काही कॅस्टर तिथूनच परत मिळतो. बोल्ट शेवटच्या खुणेपर्यंत फिरवूनही कॅस्टर पुरत नसेल, किंवा कॅस्टर आणताना कॅम्बर हाताबाहेर जात असेल, तेव्हा नवा वरचा आर्म खरंच लागतो. चांगल्या आर्ममध्ये बॉल जॉइंट मुळातच थोडा मागे सरकवलेला असतो, त्यातून साधारण दोन ते चार अंश कॅस्टर मिळतो.

बुशचं म्हणाल तर गाडीनं पन्नास-साठ हजार किलोमीटर काढले असतील आणि आर्म वाकलेले नसतील, तर मूळ आर्मात नवे रबरी बुश आणि नवे बॉल जॉइंट हा माझा आवडता पर्याय. खर्च नव्या आर्मच्या पासंगालाही पुरणार नाही इतका कमी, गाडी पुन्हा गप्प होते आणि सुटा भाग गावात मिळतो. मर्यादा एकच: कॅस्टर यातून मिळत नाही आणि जॉइंटचा कोन वाढत नाही. स्पेसरवाल्याचा प्रश्न यानं सुटत नाही.

आर्म घ्यायचेच ठरले की खरी निवड येते ती सील केलेला बॉल जॉइंट की युनिबॉल, ही. इथे नाशिकचा पाऊस मध्ये येतो.

युनिबॉल म्हणजे उघडं गोलाकार बेअरिंग. कोन भरपूर देतं, झिजलं तर तेवढंच बदलता येतं, दिसायलाही जबरदस्त. वाळवंटात शर्यती खेळणाऱ्या गाड्यांसाठी ते वाढलं, कोरड्या हवेत, जिथे दर शर्यतीनंतर गाडी उघडली जाते. आपण काय करतो? जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्र्यंबक, हरसूल, पेठ, इगतपुरी. भातखाचरांच्या बांधावरून, ओढ्यातून, चाकाच्या निम्म्यापर्यंत चिखलात. तो चिखल बेअरिंग आणि त्याच्या अस्तराच्या मधे शिरतो, वाळतो आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. एक-दोन पावसाळ्यांत खटखट सुरू होते, आणि ती एकदा कानात बसली की घाटात दुसरं काही ऐकू येत नाही. ज्याला दर फेरीनंतर धुवून, पुसून, तपासायची आवड आहे त्यानं युनिबॉल जरूर घ्यावा. असा माणूस मी नाशिकात एकच पाहिला आहे, आणि त्याची गाडी वर्षात दोनदा रस्त्यावर येते.

सील केलेल्या बॉल जॉइंटला रबरी टोपी असते, आत ग्रीस. कोन युनिबॉलपेक्षा कमी, पण लिफ्टसाठीच बनवलेल्या आर्ममधला जॉइंट मूळपेक्षा जास्त कोन देतो, दोन ते तीन इंचांना तेवढा पुरतो. ग्रीस निपल (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड) असलेला मिळाला तर तोच घ्या, पावसाळ्यानंतर दोन पंप मारले की झालं. टोपी फाटली की मात्र थांबू नका, पाणी आत गेलं की जॉइंटचे दिवस भरले.

चॅसीकडच्या बुशचंही असंच. पीयू (पॉलियुरेथेन) बुश ताठ असतात, स्टिअरिंग नेमकं लागतं, पण ग्रीस सुकलं की दरवाजाच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. रबरी बुश शांत, धक्का पितात, पण त्यांची एक अट असते आणि तीच बहुतेक ठिकाणी मोडली जाते. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, म्हणजे बुश फिरत नाही, पिळला जातो. गाडी गॅरेजच्या उचलयंत्रावर, चाकं लटकलेली, अशा अवस्थेत बोल्ट करकचून आवळला की गाडी खाली आल्यापासून तो बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसू द्यायची, मग शेवटचा टॉर्क. मेकॅनिकला हे आधी सांगा. ‘काही फरक पडत नाही शेठ’ असं म्हणाला तर दुसरा मेकॅनिक बघा. फरक पडतो.

गावात बनवून घेतलेल्या आर्मबद्दल मी कडू बोलणार, कारण पोळलोय. एमआयडीसीत चांगले वेल्डर आहेत, पाइप वाकवून जोडून देतात, पैसे निम्मे. माझ्या आधीच्या गाडीला मी असे घेतले होते. डाव्या-उजव्यात चार मिलिमीटरचा फरक निघाला, एका बाजूचा टायर आतून खाल्ला गेला, आणि नंतर वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. वेल्डरचा हात वाईट नव्हता, त्याच्याकडे साचा नव्हता. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून कमजोर झालेलं असतं, आणि आर्मवर दिवसातून हजारो झटके बसतात. जाळी, रॉक स्लायडर, मागचं कॅरिअर गावात जरूर बनवा. आर्म नको.

खालचे आर्म बदलायची गरज दोन-तीन इंचांपर्यंत पडत नाही, दगडावर आपटून वाकला असेल तेवढंच.

जिम्नीवाल्यांनी वरचं बरंचसं सोडून द्यावं. जिम्नीला पुढे अख्खा अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आहे, त्याला दोन लांब आर्म पकडून ठेवतात. गाडी उंच केली की हे आर्म फिरतात, त्यांच्याबरोबर अॅक्सल फिरतो, आणि कॅस्टर जातो तो थेट. वरचा आर्म नावाची वस्तूच नाही. उपाय तीन: मध्यापासून सरकलेल्या भोकाचे कॅस्टर बुश, आर्मची जागा बदलणाऱ्या पट्ट्या, किंवा कोन सुधारलेले नवे आर्म. दीड-दोन इंचांना कॅस्टर बुश पुरेत, प्रेस करून बसतात आणि स्वस्त पडतात. ते ताठ असतात, अॅक्सलची एका चाकानं वर जाण्याची मोकळीक थोडी घटते, हे धरून चाला. शिवाय पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) लिफ्टनंतर अॅक्सल एका अंगाला सरकतो. टायरची बाहेरची कड आणि फेंडर यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक जाणवण्याइतका असेल तर कमीजास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड घ्या, आर्म नंतर. घरात जुनी पाट्यांची एमएम ५४० असेल तर तुम्ही सुटलात, तिला कंट्रोल आर्मच नाहीत.

कागदाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, आणि कलम १८२-ए खाली दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आर्म कुणाला दिसत नाही, उंची दिसते. वॉरंटी आणि विमा या दोन्ही ठिकाणी आधी विचारून घ्या, अपघातानंतर विचारलेलं महागात पडतं.

मेहुण्याची गाडी काल स्टँडवर घेतली. डावीकडे आर्म आणि स्प्रिंग यांत बोट काही जाईना, रंगही घासलेला दिसला. म्हणजे त्याला आर्म लागणारच होते, पण त्यानं फोनवर दाखवलेले युनिबॉलचे नव्हेत. सील जॉइंट, ग्रीस निपल, रबरी बुश असं लिहून दिलं. तोवर स्पेसर काढून ठेव म्हटलं, तर म्हणतो, ‘दाजी, रविवारी हरसूलला जायचंय ना.’ स्पेसर मी काढून घरी आणलेत.