घारापुरीतील जावांची खानावळ: फळ्यावर नसलेले जेवण आवर्जून मागावे

मानवशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून कोकण किनाऱ्यावरील बेटांतील, कोणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या स्त्रिया हा माझ्या प्रबंधाचा विषय असल्याने मुंबईजवळच्या घारापुरी (एलिफंटा) बेटावर माझे जाणे-येणे असते, आणि दुपारचे जेवण बहुधा तेथल्या शेतबंदर गावात तीन जावा मिळून चालवतात त्या खानावळीतच होते.

येथील तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. सोबत सुक्या बोंबलाचे कालवण किंवा जवळ्याची चटणी असते आणि दोन्हींची चव उत्तम आहे. फळ्यावर मात्र यातले काहीच लिहिलेले नाही; तेथे पनीर, नूडल्स आणि पावभाजी आहे. मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियाहून लाँचने येणाऱ्यांना तेच हवे असते, असे थोरल्या जाऊबाईंचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही.

कालवांचे सुके तर मागितल्याशिवाय मिळतच नाही, आणि तेही उधाणाच्या दिवसांतच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला पाणी लांबवर हटून खडक उघडे पडतात, तेव्हा गावातल्या बाया उन्हात तासन्‌तास ओणव्याने बसून खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले फोडतात आणि आतली कालवे भांड्यात गोळा करतात. भरपूर कांदा, आगरी मसाला आणि आमसूल घालून केलेले ते सुके खाताना त्या कष्टांची किंमत कळते. लेणी 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यांच्याविषयी वाटाडे भरभरून बोलतात. बेटावरच्या बाया मात्र पर्यटकांना डोक्यावर हंडे घेऊन फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या म्हणूनच ठाऊक असतात. या खानावळीच्या पाटीवरही घरच्या पुरुषाचे नाव आहे, जरी चूल, बाजार आणि हिशेब सारे या तिघींच्याच हाती असले तरी. पाटीवर त्यांची नावे आणि फळ्यावर त्यांचे जेवण यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

2018 साली समुद्राखालच्या केबलने वीज आल्यापासून फ्रीज चालतो, त्यामुळे मासळी ताजी राहते. दोन लाँच एकदम लागल्या की मात्र वाढायला बराच उशीर होतो आणि बसायला जागाही अपुरी पडते.

सोमवारी लेणी बंद असतात. बेटावर पर्यटकांना रात्री मुक्कामाची परवानगी नसल्याने परतीच्या लाँचची वेळ सांभाळावी लागते; म्हणून मासळीचे ताट हवे असल्यास लेण्यांकडे वर जातानाच सांगून ठेवावे.