सुंटो पीएम-५ उतारमापक: दहा महिने गळ्यात वागवल्यानंतर

गेल्या श्रावणात हा उतारमापक घेतला, आता ज्येष्ठ लागलाय. मधल्या काळात तो माण तालुक्यातल्या माळांवर, काही आठवडे घाटाखालच्या वाड्यांवर आणि एकदा मेव्हण्याच्या गच्चीवर वापरून झाला. खोकं फोडल्या दिवशी लिहिलेले अनुभव वाचून मी एकदा फसलोय, म्हणून लिहायला इतका थांबलो.

फसलो तो एका डिजिटल डबीला. कुणाची ते सांगत नाही, कारण दोष तिच्यापेक्षा माझ्या निवडीचा जास्त. चौकोनी, तळाला चुंबक, ०.१ अंशापर्यंत आकडा. सुतारकामाला ही चीज उत्तम: करवतीच्या टेबलावर ठेवून शून्य करायची, पात्याला चिकटवायची, झालं. पण ती ज्यावर बसते त्याचाच कोन सांगते. शेतात ठेवली तर ढेकळाचा कोन सांगते! मग तिच्याखाली घालायला दोन मीटरची सरळ फळी वागवा, एप्रिलच्या उन्हात पडदा काळा पडला की त्यावर टोपी धरा. मोबाइलमधल्या ॲपची तीच गत, वर पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा, त्यामुळे फोन सपाट बसतच नाही.

पीएम-५ जमिनीवर ठेवायचाच नसतो. काडेपेटीहून थोडं मोठं, चपटं ॲल्युमिनियमचं अंग, आत द्रवात बुडवलेली तबकडी. तबकडी एका बाजूला जड, म्हणून डबी वरखाली झुकवली तरी ती आपली जागा सोडत नाही, आणि द्रव तिची थरथर मारतो. भिंगातून एक आडवी रेघ दिसते, तिच्यामागे अंकपट्टी सरकते. सेल नाही, बटण नाही. १९३६ साली तुओमास वोहलोनेन या फिनिश इंजिनिअरने द्रव भरलेली होकायंत्रं बनवायला सुंटो ही कंपनी काढली. माणूस स्वतः नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात धावायच्या खेळातला. होकायंत्रातली तीच तरंगती तबकडी इथे आडवीची उभी केली आहे, इतकंच. आमच्याकडची मंडळी याला नुसतं ‘डबी’ म्हणतात. सोबतची दोरी मला आखूड पडली, आता तो करगोट्याच्या दोऱ्याने गळ्यात लटकतो.

वापरायची रीत दोन मिनिटांत कळते, अंगवळणी पडायला मला महिना लागला. एक डोळा भिंगाला, दुसरा उघडा आणि समोरच्या खुणेवर. मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतो आणि रेघ डबीबाहेर हवेत लांबलेली दिसते. ती खुणेवर टेकवायची आणि आकडा वाचायचा. मात्र खूण आपल्या डोळ्याच्या उंचीची हवी. सुरुवातीला मी समोर उभ्या केलेल्या पोराच्या चपलांवर नेम धरायचो, त्यामुळे प्रत्येक चढ कमी आणि प्रत्येक उतार जास्त येत होता. आता बांबूच्या काठीला माझ्या डोळ्याच्या उंचीवर लाल चिंधी बांधलेली असते.

सगळ्यात मोठी चूक मात्र नोव्हेंबरात झाली. याच्या पट्टीवर डावीकडे अंश आणि उजवीकडे टक्के (आडव्या शंभर मीटरला किती मीटर चढ-उतार) असतात. समतल बांधांची, म्हणजे माती-पाणी अडवायला उताराला आडव्या, एकाच पातळीत घातलेल्या बांधांची आखणी होती. मी डावीकडचा ३ वाचला आणि वहीत ३ टक्के लिहिला. आमचं सूत्र असं: उताराच्या टक्क्याला ३ ने भागा, २ मिळवा, ०.३ ने गुणा. येतील तितके मीटर दोन बांधांमधला उंचीचा फरक. ३ टक्क्यांना ०.९ मीटर, म्हणजे बांध ३० मीटरवर. फक्की मारायला सुरुवात झाली आणि आमचे मुकादम तात्या पहिल्या रेघेवर उभे राहून खाली बघत म्हणाले, “सायेब, ह्यो उतार तिनाचा न्हाय. पाचाच्या फुडं हाय. मधी पानी पळंल.”

पुन्हा बघितलं. ३ अंश म्हणजे ५.२४ टक्के. त्या हिशेबाने बांध साडेएकवीस मीटरवर हवे होते. एका बांधामागे साडेआठ मीटर जमीन जास्तीची मोकळी, म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीत माती खालच्या बांधाशी गोळा. तात्यांनी आयुष्यात उतारमापक धरलेला नाही. रोजगार हमीवर दगड रचत त्यांचा डोळा तयार झालाय. तेव्हापासून मी दोन्ही आकडे वाचतो. रेघेवर जे दोन आकडे येतात त्यातला मोठा तो टक्का, हे कुठल्याही उतारावर खरं ठरतं. १०० टक्के उतार म्हणजे उभी भिंत असं समजणारे अजून भेटतात. तो फक्त ४५ अंश असतो. पट्टीवर टक्के १५० पर्यंतच आहेत, म्हणजे ५६ अंशांच्या थोडं पुढे. माळावर तेवढे लागत नाहीत. घाटाखालच्या एका वाडीमागची दरड मात्र टक्क्यांच्या पट्टीत मावेना, तिथे अंश वाचले आणि तिथून लवकर खाली आलो.

आता डोळ्यांबद्दल, कारण हे दुकानदार सांगत नाही. काहींचे दोन डोळे एकाच उंचीवर बघत नाहीत. रोजच्या जगण्यात त्याचा पत्ता लागत नाही, इथे लागतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून एक आकडा घ्या, मग दुसरा डोळा मिटून रेघ डबीच्या कडेशी खुणेशी जुळवून बघा. माझा फरक जवळजवळ १ टक्का निघाला. मी आता एकाच डोळ्याने वाचतो. वेळ लागतो, पण आकडा पटतो.

खुद्द डबी बरोबर आहे का, हेही घरी तपासता येतं. मी देवळाच्या पटांगणात दोन खांब निवडले आणि दोन्हींवर डोळ्याच्या उंचीला खूण केली. या खांबापासून त्यावर, मग त्यापासून यावर नेम धरायचा. एकदा चढ, एकदा उतार, आकडा तोच यायला हवा. फरक आला तर त्याचा निम्मा हा डबीचा दोष. दर अमावास्येला बघतो, अजून तरी फरक डोळ्यात भरला नाही. अमावास्याच का, तर त्या दिवशी आमच्याकडे काम बंद असतं.

बारीक उताराला हा घेऊन जाऊ नका. पट्टीवर खुणा १ टक्क्याच्या आहेत, मधलं अंदाजाने वाचायचं. अर्ध्या टक्क्याच्या काळ्या रानात तो अंदाज पुरत नाही. तिथे डंपी लेव्हल, म्हणजे तिपाईवरची पातळी बघायची दुर्बीण, किंवा हायड्रोमार्कर: दोन खुणांच्या काठ्या, मध्ये पाण्याची पारदर्शक नळी. समपातळीची रेघ काढायलाही मी हायड्रोमार्करच वापरतो. सुंटोने उतार किती ते ठरवायचं, रेघ नळीने मारायची. मेव्हण्याच्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा कोन बघायलाही डिजिटल डबीच सोपी गेली.

आमच्या कार्यालयात जुनी ॲबनी लेव्हल आहे. ॲबनी हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर, पुढे फोटोग्राफीच्या रसायनशास्त्रात नाव काढलेला. त्याचं हे पितळी नळीचं साधन रुडकीचे कारागीर अजून बनवतात आणि ते सुंटोपेक्षा खूप स्वस्त पडतं. नळीतून बघत आरशातला बुडबुडा मध्यावर आणायचा आणि मग बाहेरच्या कमानीवर आकडा वाचायचा. बारीक वाचन तिच्यावरच होतं. पण प्रत्येक नेमाला स्क्रू फिरवा, डोळा काढा, वाचा. दिवसाला शंभर नेम घ्यायचे असले की सुंटोचे पैसे वसूल होतात. महिन्यातून दहा घ्यायचे असले तर रुडकीची घ्या.

एक फुकटचा फायदा म्हणजे झाडांची उंची. २० मीटर लांब उभा राहिलो, आंब्याचा शेंडा ६२ टक्के, बुंधा खाली ८ टक्के. दोन्ही मिळून ७०, आणि २० चे ७० टक्के म्हणजे १४ मीटर. शाळेतल्या पोरांना हे इतकं आवडलं की दुपारभर डबी परत मिळाली नाही.

घेताना मॉडेलचं पूर्ण नाव बघा. अंश आणि टक्के हवे असतील तर ३६० पीसी. १५२० लिहिलेला वनखात्याच्या कामाचा, त्याच्या पट्ट्या १५ आणि २० मीटरवरून थेट झाडाची उंची सांगतात. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. माझ्या ओळखीत एकाकडे दुसरा आलाय, आणि तो गेले चार महिने टक्क्यांचं कोष्टक खिशात घेऊन फिरतोय.