मालिशचा क्लास: शिकवणं भारी, नोट्स टाकाऊ
दारव्ह्याले दहा दिवसांचा मालिशचा क्लास केला, फी तीन हजार. मॅडम लय भारी शिकवते, पोटरीवर तळहातानं खालून वर कसं जायचं ते आपलाच पाय धरून दाखवते, अन् एकच पोटरी सुजून गरम लागली त तेल लावत बसू नका, डॉक्टरकडं धाडा, आत रक्ताची गाठ असू शकते म्हणे. ताज्या मुरगळीले पयले दोन दिवस चोळायचं नाही, हे त आमच्या गावात कोणालेच पटणार नाही. नोट्स मात्र इतक्या फिक्या का स्नायूंचे फोटोच दिसत नाहीत. कापूस वेचून आईची कंबर धरते, तिच्यावरच प्रॅक्टिस चालू हाय, काल म्हणे, "जोर लाव न बाबू, जेवला नाही का?"