हिपॅटायटिस सीचे मोफत उपचार: औषध चोख, पण वाटेत गळती

हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारी यकृताची विषाणू-लागण. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यातली तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत. सुईने नशा करणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला ही सेवा कितपत उपयोगी पडते, ते बघू.

औषधाला पैकीच्या पैकी गुण. सिरॉसिस (यकृत निबर होऊन आक्रसणं) नसेल तर सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासविर ६० मिग्रॅ रोज एकदा, ८४ दिवस. गोळ्या न चुकता घेतल्या तर शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. 'आधी नशा सोड, मग ये' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. नशा चालू असतानाही उपचार लागू पडतो, नशा सुटावी म्हणून दिलेलं बुप्रेनॉर्फिन घेत असलात तरी चालतं. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर मात्र आधीच सांगा, त्यांच्यामुळे औषधाचा जोर उतरतो. हिपॅटायटिस बीची तपासणीही पहिल्या गोळीआधी हवी. तो अंगात दबून असेल तर सी हटताना उसळू शकतो.

गळती होते ती झटपट तपासणीचं कार्ड आणि पहिली गोळी यांच्या मध्ये. बोटाच्या थेंबावर कार्डात दोन रेषा उमटल्या म्हणजे अँटिबॉडी, विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आहेत, एवढंच. काहींचा विषाणू आपोआप गेलेला असतो. आजार चालू आहे का, हे व्हायरल लोडच, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी तपासणीच, सांगतो आणि त्याला शिरेतलं रक्त लागतं. वर्षानुवर्षं टोचलेली शीर बोटाला दोरीसारखी कडक लागते, सुई आत जाऊनही नळीत थेंब येत नाही. तिसऱ्या टोचणीनंतर माणूस उठून जातो. कुठली शीर चालते हे त्यालाच विचारावं, हात शेकून घ्यावा, बारीक, पंखांची बटरफ्लाय सुई वापरावी. आणि हे सगळं कार्ड बघितल्या बघितल्या, त्याच बैठकीत उरकावं. 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलं की जत-आटपाडीहून आलेल्याची आणखी एक हजेरी बुडते. तो परत येत नाही.

जिममधली पोरं स्वतःला यात धरतच नाहीत. मेफेंटरमाइन हे रक्तदाब वाढवायचं औषध, ताकदीसाठी टोचतात आणि एकाच बाटलीतून चौघं घेतात. वापरलेली सुई पुन्हा बाटलीत बुडाली की अख्खी बाटली दूषित. प्रयोगशाळेत हा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत टिकलेला आढळलाय. त्यामुळे नुसती सुई बदलून भागत नाही. सिरिंज, पाणी, कापूस, चमचा, सगळं ज्याचं त्याचं हवं. सीवर लस नाही. बीवर आहे: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा. ही फेरी बरेच जण टाळतात, कारण तोवर बरं वाटत असतं. बरा झालेला माणूस पुन्हा टोचून घेऊ लागला तर लागणही पुन्हा होऊ शकते. आणि कार्ड बरं झाल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच येत राहतं. म्हणून शेवटचा व्हायरल लोडचा कागद जपून ठेवा, नोकरीच्या किंवा ऑपरेशनआधीच्या तपासणीत तोच दाखवावा लागतो.