तुंबलेल्या सिंकसाठी हाताने फिरवायची स्प्रिंग: चार महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात पुण्याच्या बोहरी आळीतील एका हार्डवेअरच्या दुकानातून मी सांडपाण्याची नळी मोकळी करण्याची स्प्रिंग ३८० रुपयांना घेतली. पाच मीटर लांबीची, करंगळीहून बारीक अशी ही तारेची घट्ट गुंडाळी आहे. तिच्या एका टोकाला बोंडासारखा फुगीर भाग आहे आणि दुसऱ्या बाजूने हवी तेथे सरकवून स्क्रूने आवळायची वाकडी मूठ आहे. पुडक्यावर कंपनीचे नाव नव्हते आणि वापराच्या सूचनाही नव्हत्या. आतापर्यंत ती मी तीनदा वापरली: आमच्या स्वयंपाकघरातील सिंकला, न्हाणीघरातील बेसिनला आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या सिंकला.

आमचे सिंक एका दिवसात तुंबले नव्हते. आमच्याकडे दर आठवड्याला लोणी कढवले जाते आणि बेरीचे पातेले कढत पाणी ओतून सिंकमध्येच धुतले जात असे. गरम असेपर्यंत तूप पाण्याबरोबर वाहून जाते, पण भिंतीतल्या आडव्या नळीत पोहोचेपर्यंत ते निवते आणि थंडीच्या दिवसांत तेथेच थिजते. त्या चिकट थरावर भाताची शिते, चहाचा चोथा आणि कणकेचे पाणी बसत जाते. नळी मुळात जेमतेम दीड इंचाची, त्यामुळे दिवाळीनंतर भांडी घासताना पाणी साचू लागले आणि महिन्याभरात ते उतरेनासेच झाले.

तेव्हा आम्ही बहुतेक घरांत करतात तेच केले. बाजारात मिळणारी पावडर आणून रात्री सिंकमध्ये ओतली. या पावडरींमागचे रसायनशास्त्र खरे आहे. त्यांत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि अनेकींत ॲल्युमिनियमचे कण असतात. पाणी लागताच ते मिश्रण तापते, थिजलेली चरबी वितळते आणि तिचा काही भाग साबणात बदलून धुऊन जातो. पाणी हळूहळू का होईना उतरत असेल, तर याचा उपयोग होतो. नळी पूर्ण बंद असेल, तर मात्र ते दाहक पाणी अडथळ्याच्या अलीकडेच साचून राहते. आमच्याकडे तसेच झाले. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लंबरदादांना आम्ही पावडरीबद्दल काहीच सांगितले नाही. त्यांनी सिंकखालचा बॉटल ट्रॅप (दुर्गंधी अडवण्यासाठी थोडे पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग) उघडला आणि ते पाणी त्यांच्या मनगटावर सांडले. लगेच पंधरा-वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरला, तरी कातडी लालभडक झाली होती. ती चूक सर्वस्वी आमची होती आणि तिची मला आजही टोचणी आहे. पावडर टाकली असेल, तर सिंकखाली हात घालणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगितलेच पाहिजे. त्यानंतर पावडर घरात आणायची नाही असे मी ठरवले आणि स्प्रिंग शोधायला निघालो.

(खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचाही प्रयोग झाला. फेस भरपूर आला, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करत असल्यामुळे मागे जवळजवळ खारट पाणीच उरते. थिजलेल्या तुपावर त्याचा काही परिणाम झाला नाही.)

स्प्रिंग वापरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. सिंकमधून पाणी सोडल्यावर ते खालच्या न्हाणी ट्रॅपमधून (जमिनीतल्या जाळीच्या निचऱ्यातून) वर येत असेल किंवा वरच्या मजल्यावर नळ सोडल्यावर आपल्याकडे पाणी चढत असेल, तर अडथळा डक्टमधल्या (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या) सामाईक पाइपात आहे; ते काम सोसायटीचे आहे आणि तेथे पाच मीटरची तार पुरत नाही. दुसरे म्हणजे, बॉटल ट्रॅपची खालची वाटी बादलीवर धरून उघडावी. शेजाऱ्यांकडे सगळा गाळ त्या वाटीतच निघाला. तो काढल्यावरही पुढे स्प्रिंग फिरवून पाहिली, पण तिची गरज नव्हती.

आमचा ट्रॅप मात्र स्वच्छ होता, म्हणजे अडथळा पुढे होता. ट्रॅपच्या आतल्या अरुंद वळणातून स्प्रिंग जात नाही, म्हणून तो पूर्ण सोडवून ती थेट भिंतीतल्या नळीत घातली. साधारण दोन मीटरवर, एल्बोपाशी (नळीच्या काटकोनी वळणापाशी), ती अडली. येथे जोर लावून ढकलण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास तार नळीतच दुमडते. मूठ नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आवळायची, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवत थोडी पुढे सारायची, मग मूठ मागे सरकवून पुन्हा आवळायची, असे धीराने करावे लागते. दहा-बारा मिनिटांनी हाताला जाणवणारा ताण एकदम सैल झाला. फिरवतच बाहेर ओढली तेव्हा बोंडाला साबणासारखा करडा लगदा, शिते आणि भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा एक गुंता अडकून आला. ती तार कोणत्याही पावडरीने विरघळली नसती.

एक मर्यादा येथे सांगायला हवी. स्प्रिंग अडथळ्याला भोक पाडते आणि त्यातला काही भाग बाहेर आणते, पण नळीच्या भिंतींवरचा तुपाचा थर ती खरवडून काढत नाही. म्हणून आम्ही पुन्हा दोनदा ती फिरवली आणि नंतर भांड्यांचा साबण घातलेले हाताला सोसेल इतपत गरम पाणी दोन बादल्या सोडले. उकळते पाणी ओतू नये, कारण त्या उष्णतेला पीव्हीसीची नळी मऊ पडते आणि सांधे सैल होतात. तेव्हापासून चार महिने पाणी न साचता उतरत आहे. बेरीचे पातेले आता आधी कागदाने पुसले जाते, हेही त्याचे कारण असणार.

बेसिनमध्ये केसांचा गुंता होता. तो पहिल्याच फेरीत बाहेर आला आणि या कामासाठी मला स्प्रिंगहून चांगले साधन दिसलेले नाही. कमोडसाठी मात्र ही वापरू नये. उघडी तार चिनी मातीवर काळे ओरखडे पाडते.

वस्तूच्या घडणीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मुठीचा स्क्रू कमकुवत आहे आणि जोर आला की तारेवरून घसरतो. मी तो काढून जाड, पकड असलेला बोल्ट बसवला. तारेचे मागचे टोक कापल्यावर घासलेले नसल्याने अणकुचीदार राहिले आहे, त्यामुळे हातमोजे घालणे आवश्यक आहे. पहिल्या वापरानंतर ती ओलीच गुंडाळून ठेवली, तर पंधरा दिवसांत बोंडावर गंज चढला. आता धुऊन, उन्हात वाळवून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवतो. खरेदी करताना दुकानातच मूठ आवळून तार ओढून पाहावी, आणि तीन मीटरची स्वस्त मिळत असली तरी पाच मीटरचीच घ्यावी, कारण आमच्यासारख्या जुन्या इमारतींत सिंकपासून डक्टपर्यंतचे अंतर त्याहून कमी तारेत गाठता येत नाही.