एफएमजीईसाठी अँकी, सहा महिने रोज वापरल्यावर

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना एफएमजीई, म्हणजे भारतात डॉक्टरकी करायच्या लायसन्ससाठीची परीक्षा, काय असते ते सांगायला नको, ३०० प्रश्न, दोन पेपर, पास व्हायला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि तरी डिसेंबरला माझे १३८ आले. वाचन कमी नव्हतं हो, पण प्रश्न बघितला की हे कुठेतरी वाचलंय एवढंच आठवायचं, उत्तर येतच नव्हतं. मग जानेवारीपासून अँकी धरलं, जूनला पास झाले, म्हणून मनापासून लिहितेय.

अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप आहे. पुढे प्रश्न मागे उत्तर, आधी मनात उत्तर द्यायचं मग कार्ड उलटायचं आणि जसं जमलं तसं अगेन, हार्ड, गुड, ईझी यातलं दाबायचं. चुकलं की थोड्या मिनिटांत परत समोर, येत गेलं की परत दिसेपर्यंतचे दिवस वाढत जातात. कॉम्प्युटर आणि ॲन्ड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. सुरुवातीला सेटिंग बघून गोंधळायला होतं, हात लावू नका, आहे तसं चालतं.

पहिला महिना माझा वाया गेला कारण एकाकडून हजारो कार्डांचा तयार डेक विकत घेतला, त्यात चुकीची उत्तरं होती आणि एकेका कार्डावर अर्धं पान. कार्ड स्वतःच बनवा, आणि एका कार्डावर एकच गोष्ट. मी आधी टीबीच्या चारही औषधांचे साइड इफेक्ट एकत्र लिहिले होते, दरवेळी दोन आठवायचे दोन सुटायचे. मग चार कार्डं केली, एथॅम्ब्युटॉल म्हणजे डोळे, पायराझिनामाइड म्हणजे युरिक ॲसिड, आयसोनियाझिड म्हणजे हातापायाला मुंग्या, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (व्हिटॅमिन बी६). रिफॅम्पिसिनच्या कार्डावर मी शेजारच्या काकूंचं लिहिलं, औषध चालू झाल्यावर लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून सकाळी सातला आमच्याकडे आल्या होत्या. ते कार्ड एकदाही चुकलं नाही.

ॲनाटॉमीला इमेज ऑक्लूजन लावा, कवटीच्या तळाच्या चित्रावर एकेक भोक झाकायचं आणि ओळखायचं, जुगुलर फोरामेनमधून ९, १०, ११ नर्व्ह जातात हे मला तिथेच पाठ झालं.

रोजचे रिव्ह्यू, म्हणजे त्या दिवशी परत समोर येणारी कार्डं, मी कोपरखैरणे ते ठाणे लोकलमध्ये उरकायचे, अभ्यासिकेत पोचेपर्यंत निम्मे संपायचे. शिमग्याला पाच दिवस गावी गेले तर साडेसहाशे साचले, ते फेडायला आठवडा गेला आणि तेवढे दिवस नवीन कार्ड शून्य ठेवलं, तसंच करा, सगळा ढीग एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

एक मात्र सांगते, विषय समजलाच नसेल तर अँकी काही शिकवत नाही. ईसीजी मला आधी व्हिडिओ बघून, वहीत काढून समजून घ्यावा लागला, कार्डं नंतर. आणि एमसीक्यू (पर्यायांचे प्रश्न) रोज सोडवायचेच, माझी निम्म्याहून जास्त कार्डं चुकलेल्या प्रश्नांवरूनच बनलेली आहेत, त्याच दिवशी रात्री बसून.