नाट्यगृह भाड्याने घेतलं, त्याचा हिशेब

मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं मी बेळगावात कॉन्ट्रॅक्टवर लावतो. इथल्याच एका खासगी नाट्यगृहात वर्षभरात तीन प्रयोग केले.

इथला आवाज फार चांगला. माइक बंद ठेवून शेवटच्या रांगेत बसलो, तरी हळू बोललेलं वाक्य नीट ऐकू आलं. टेम्पो थेट विंगेच्या दाराशी लागतो, सेट जिन्यावरून चढवावा लागत नाही. मुंबईच्या बॅकस्टेजवाल्यांनीही याचं कौतुक केलं.

चार तासांच्या सत्राला २२,००० रुपये, हे मला जास्त वाटत नाही. पण ते चार तास प्रयोगात आणि सेट उतरवण्यातच संपतात. त्याआधी सेट लावायला, लाइट बांधायला तीन तास हवेत, ते जादा म्हणून तासाला ४,००० ने मोजतात. झाले ३४,०००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४०,१२०. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत करमुक्त, म्हणून मी त्याच्या वर जात नाही. पण तिकीट करमुक्त म्हटल्यावर भाड्यावर भरलेला कर वळताही होत नाही, तो खिशातूनच जातो. सरासरी ३०० चं तिकीट धरा, पहिल्या १३४ खुर्च्या नुसत्या भाड्यात गेल्या. कलाकारांची नाइट (प्रयोगाचं मानधन), बस, लॉज, जाहिरात सगळं पुढे.

जुलैत सेटचा टेम्पो कोगनोळीजवळ पावसात अडकला, तासभर उशिरा आला. रंगमंच रिकामा, दिवेही बंद, तरी त्या तासाचे ४,००० लागले. ‘हॉल तुमच्यासाठीच उघडा ठेवलाय की,’ मॅनेजर म्हणाले. खरं आहे. पण सेट लावण्याच्या तासांना निम्मा दर लावला, तर पुण्याहून मोठा सेट आणायची माझी हिंमत होईल. आता माझ्यासारखे ठेकेदार दोन खुर्च्या आणि एका टेबलाचीच नाटकं शोधत बसतात, हे माझ्या मनाला लागतं. इथला प्रेक्षक दर्दी आहे, त्याला भरलेला रंगमंच बघायला मिळायला हवा.

डिसेंबरात एका रविवारी दोन प्रयोग घेतलेत, दुपारी १२ आणि ४.३० ला. सेट एकदाच लागेल, प्रयोगामागे भाडं करासकट ३३,०४० वर येईल. रात्रीचा खेळ मुद्दाम घेतला नाही, खानापूरच्या मंडळींना परतीची बस मिळायला हवी.